जवस, काजळ आणि नीळ

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा महामार्ग नवापूर सोडल्यावर काही वेळाने विसरवाडीत येतो आणि तेथून नंदुरबारकडे एक फाटा फुटतो. या फाट्यापासून चालत दहा मिनिटांवर एक घर होते. त्याच्या पुढच्या खोलीत १९७४ सालापासून एक तैलचित्र टांगलेले होते. चित्रात निळे वस्त्र पांघरलेली एक तरुण आई उभी आहे आणि तिच्या हातावर कमरेला वस्त्र गुंडाळलेले बाळ आहे. दोघांच्या मागे नुसता काळोख. राफाएलच्या एका प्रसिद्ध मॅडोनाची ती नक्कल आणि ती करणारे आमचे वडील. गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्या घरातील नातवाचा आम्हाला दूरध्वनी आला. ‘‘भाऊ, जुनं घर पाडून स्लॅबचं बांधतोय. सरांचं चित्र पार काळं पडलंय. साफ करून देता का? नाही तर तुम्हीच घेऊन जा, शेवटी तुमच्या वडिलांचं आहे.’’

या साध्या विचारणेला उत्तर देण्यास आम्हाला चार महिने लागले. एवढा वेळ का लागला, ते सांगण्यासाठी हा लेख.

आमचे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, विसरवाडीच्या परिसरातील एका आश्रमशाळेत चित्रकला शिकवीत. तेव्हा नंदुरबार हा जिल्हा नव्हता; १९९८ पर्यंत हा सारा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. आम्ही आईसह धुळ्यास राहत असू आणि अण्णा शनिवारी रात्रीच्या एस.टी.ने घरी येत. १९७३ च्या पावसाळ्यात त्यांना विषमज्वर झाला. रस्ते बंद होते. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावची समाजातील एका बाईंनी त्यांना स्वतःच्या घरी नेले आणि तीन आठवडे भाताच्या पेजेवर वाढवून उभे केले. बाई ख्रिस्ती होत्या. विसाव्या शतकात या भागात प्रोटेस्टंट मिशनऱ्यांनी काम केले. त्यांच्या प्रार्थनामंदिरांत मूर्ती नसते, चित्र नसते, फार तर एक साधा क्रूस असतो. पण बाईंच्या बायबलात कोणीतरी दिलेले नाताळचे एक भेटकार्ड जपून ठेवलेले होते. बरे झाल्यावर ‘तुमच्यासाठी काय करू’ असे अण्णांनी विचारले, तेव्हा त्यांनी ते कार्ड काढून दिले आणि म्हणाल्या, ‘‘हे मोठं करून द्या.’’

अण्णांनी ते मोठे करून दिले. पुढे काही वर्षांनी, महाविद्यालयात साहित्य शिकू लागलेले आम्ही सुट्टीत विसरवाडीस गेलो असता त्यांनी मोठ्या उत्साहाने आम्हाला त्या घरी नेले. चित्रासमोर उभे राहून आम्ही एकच शब्द उच्चारला: ‘नक्कल.’ त्या काळी निर्मिती, अनन्यता, स्वायत्तता हे शब्द आमच्या तोंडी नवे होते आणि नव्या चाकूसारखे आम्ही ते कोठेही चालवीत असू. अण्णा काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी तैलरंगाला हात लावल्याचे आम्हाला आठवत नाही. आमच्या शब्दाचा त्याच्याशी काही संबंध होता का, हे विचारावयाचे राहून गेले; १९९६ साली ते वारले. घर बदलताना त्यांची चित्रे, स्केचवह्या रद्दीत गेल्या. त्या आम्हीच दिल्या. उरली ती एक शंभरपानी वही, कारण तिच्या मागच्या बाजूस आमच्या शिक्षणाचा खर्च लिहिलेला होता.

म्हणजे अण्णांच्या हातचे जगात जे काही उरले आहे, ते विसरवाडीच्या त्या भिंतीवर होते. आणि त्याचे काय करावयाचे ते आम्ही ठरवावयाचे होते.

वास्तविक आम्ही तीस वर्षे वर्गात ‘प्रबोधनकाळ’ शिकवीत आलो. मानवकेंद्री दृष्टी, यथार्थदर्शन, देहाचा स्वीकार, व्यक्तीचा उदय ही सूत्रे आम्हाला मुखोद्गत आहेत. मर्ढेकरांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मधील संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे समजावून देताना फळ्यावर मॅडोनाचा त्रिकोण काढून दाखविण्याची आमची जुनी सवय. परंतु ते चित्र कशाचे केलेले असते, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही आणि आम्हालाही कोणी विचारला नाही. चित्राला आम्ही संहिता समजत होतो. म्हणजे छापील पुस्तकातील कवितेसारखी, कागद बदलला तरी जी बदलत नाही अशी वस्तू. नातवाने ‘साफ करून देता का’ असे विचारले, तेव्हा प्रथमच आमच्या लक्षात आले की साफ म्हणजे काय काढावयाचे आणि काय ठेवावयाचे, हे सांगण्याइतकेही ज्ञान आमच्यापाशी नाही.

तेव्हा आम्ही ती वही उघडली. एका पानावर अण्णांच्या वळणदार अक्षरात यादी आहे: सागाची फळी, वखारीतून. सरस. खडू, मोडके. जवसाचे तेल, घाणीवरचे. सफेदा. गेरू. पिवळी माती. लाल रंग, ट्यूब एक. नीळ. आणि शेवटी: ‘काजळ, बाईंकडची चिमणी, चार रात्री.’

ही यादी हाती धरून आम्ही प्रबोधनकाळ पुन्हा शिकू लागलो. या खेपेस विद्यार्थी म्हणून.

प्रथम फळी. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील इटालियन चित्रकार बहुधा पॉप्लरच्या फळीवर आणि उत्तरेकडील, म्हणजे फ्लँडर्समधील, ओकच्या फळीवर चित्र काढीत. फळीवर थेट रंग चढत नाही. आधी पांढरा लेप द्यावा लागतो. इटलीत तो जिप्सम आणि प्राण्यांच्या कातड्यापासून काढलेला सरस यांचा असे, उत्तरेत जिप्समऐवजी नैसर्गिक खडू. थरावर थर देऊन, घासून, हस्तिदंतासारखा गुळगुळीत केलेला हा लेप पुढे चित्राचा प्रकाश होतो. कारण वरच्या पारदर्शक रंगांतून आत गेलेला उजेड या पांढऱ्यावर आपटून परत येतो. आता आपल्या शाळांमध्ये ज्याला आपण खडू म्हणतो तो बहुधा जिप्समचाच असतो. फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे कुटून, सरसात कालवून अण्णांनी जो लेप केला, तो इटालियन जेस्सोच्या फार जवळचा होता. त्यांना हे ठाऊक होते किंवा नव्हते, त्याने लेपात फरक पडत नाही. फळी मात्र चुकली. नवापूरच्या बाजूस लाकूड म्हणजे साग, आणि सागाच्या अंगीच तेल असते. वाळवी त्याला टाळते खरी, पण वरचे तेलही त्याच्यावर नीट वाळत नाही.

मग तेल. येथे आम्हाला आमचे एक अज्ञान प्रथम टाकावे लागले. तैलरंगाचा शोध यान व्हान आइक याने लावला, असे आम्ही वर्गात सांगत होतो. ही कथा व्हासारीने १५५० साली प्रसिद्ध केलेल्या कलावंतांच्या चरित्रांतून पसरली. परंतु बाराव्या शतकातील थिओफिलस नावाच्या ग्रंथकाराने जवसाच्या तेलात रंग खलण्याची रीत दिलेली आहे, आणि एक थर वाळेपर्यंत दुसरा देता येत नाही म्हणून हे काम फार कंटाळवाणे होते, अशी तक्रारही केलेली आहे. एवढेच कशाला, अफगाणिस्तानातील बामियानच्या काही गुंफांमध्ये सातव्या शतकाच्या सुमाराच्या बौद्ध भित्तिचित्रांत वाळणारे तेल वापरलेले आहे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. व्हान आइकने तेल शोधले नाही. थिओफिलसला जो कंटाळा वाटला त्याचाच त्याने उपयोग केला. १४३२ साली पूर्ण झालेल्या गेंटच्या वेदीचित्रात रत्ने, केस, ओठांचा ओलसरपणा दिसतो, तो तेल सावकाश वाळते म्हणून. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग पाहता पाहता सुकतो; त्यात छटा मिसळता येत नाहीत, बारीक रेघांनी शेजारी शेजारी मांडाव्या लागतात. तेलातला रंग तासन्‌तास ओला राहतो. गालावरचा उजेड कोठे संपला आणि सावली कोठे सुरू झाली, हे चित्रकारालाही न कळेल इतके ते एकमेकांत विरघळविता येते.

‘वाळते’ हा शब्दही येथे फसवा आहे. धोतर वाळते तसे तेल वाळत नाही. त्यातून काही उडून जात नाही. उलट ते हवेतील प्राणवायू घेते, वजनाने किंचित वाढते आणि त्याचे कण एकमेकांत गुंतून त्याची कातडी बनते. स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीभोवती साचणारा, कशानेही न निघणारा चिकट थर ज्याने खरवडला आहे, त्याला हे वेगळे सांगावयास नको. सर्वच तेलांना हे जमत नाही. शेंगदाण्याचे तेल कितीही दिवस ठेवा, त्याचा रंग होणार नाही. जवस, अक्रोड, खसखस यांच्या तेलांना जमते. राफाएल पुष्कळदा अक्रोडाचे तेल वापरी, कारण ते कमी पिवळे पडते. ते लवकर वाळावे म्हणून असेल, पण त्याच्या काही चित्रांत मँगॅनीजयुक्त काचेची बारीक पूड मिसळलेली आढळली आहे. अण्णांपाशी अक्रोड कोठून असणार? खानदेशात जवस आहे. त्याची चटणी आम्ही लहानपणापासून खात आलो. व्हेनिसचे चित्रकार ज्या कापडावर चित्रे काढू लागले, ते तागाचे नव्हे, याच जवसाच्या कुळातील झाडाच्या धाग्याचे. म्हणजे एकाच झाडाचे अंग कॅनव्हास झाले आणि बी तेल झाले. ही गोष्ट वाचल्यावर त्या दिवशी ताटातल्या चटणीकडे आम्ही जरा आदराने पाहिले.

आता नीळ. मरियेच्या वस्त्राचा निळा रंग हा प्रबोधनकाळातील सर्वांत खर्चिक भाग. तो अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द दगडापासून काढीत. म्हणूनच युरोपात त्याचे नाव पडले ‘समुद्रापलीकडचा’. गिर्लांदायो या चित्रकाराने १४८५ साली फ्लॉरेन्समधील अनाथाश्रमाच्या वेदीचित्रासाठी जो करार केला, त्यात निळा रंग साधारण चार फ्लोरिन औंस या प्रतीचा असावा असे कलम आहे आणि साऱ्या चित्राचे मोल ११५ फ्लोरिन. मायकेल बॅक्संडॉल या कलेतिहासकाराने १९७२ च्या आपल्या ग्रंथात या कराराची चर्चा केली आहे. त्यामुळे तो आता कलेच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. चित्र देण्याची मुदत, रंगाची प्रत, पैशांचे हप्ते आणि देवमातेची भक्ती ही सारी एकाच कागदावर नांदत होती. आम्ही मात्र आशय एका खणात आणि खर्च दुसऱ्या खणात ठेवीत आलो.

अण्णांची नीळ कपड्यांना देण्याची होती. किराणा दुकानात पुडीत मिळे ती. हे वाचून प्रथम आम्हाला कसेसेच झाले. परंतु त्या काळची पुडीतली नीळ म्हणजे बहुधा कृत्रिम अल्ट्रामरीन, त्यात सोडा वगैरेची भर घातलेली. या कृत्रिम रंगासाठी फ्रान्समधील एका संस्थेने सहा हजार फ्रँकचे बक्षीस लावले होते आणि ते १८२८ साली गिमे या रसायनज्ञाला मिळाले. लाजवर्दमधील निळ्या द्रव्याची आणि या निळीची रासायनिक घडण मूलतः एकच. पाचशे वर्षांपूर्वी ज्या रंगासाठी करारात कलम घालावे लागे, तो विसरवाडीच्या दुकानात धोतरे उजळण्यासाठी पुडीत बांधून मिळत होता, आणि एका आजारातून उठलेल्या मास्तराने तो आणून मरियेच्या खांद्यावर घातला.

वस्तूंचा हा प्रवास एकेरी नव्हता, हेही येथे नमूद करावयास हवे. मरियेच्या लाल झग्यासाठी इटालियन चित्रकार जे पारदर्शक लाल रंग वापरीत, त्यांपैकी एक लाखेपासून होई. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर वाढणाऱ्या किड्याची ही लाख हिंदुस्थानातून व्हेनिसपर्यंत जाई. अशा रंगांना इंग्रजीत आजही ‘लेक’ म्हणतात, तो आपला ‘लाक्षा’ शब्दच आहे. सातपुड्यात पळसाला तोटा नाही. म्हणजे त्या चित्रांच्या लाल रंगात आपल्याकडच्या जंगलाचाही वाटा होता. उलट दिशेने चित्रे आली. १५८० साली गोव्याहून फत्तेपूर सिक्रीस गेलेल्या जेझुइटांनी अकबराला मरियेची चित्रे दाखविली. दरबारच्या चितेऱ्यांनी तो विषय आणि ती छायाप्रकाशाची रीत उचलली, पण तेल घेतले नाही, आपले पाण्यातले रंग सोडले नाहीत. पुढे विसाव्या शतकात गोव्याच्या आंजेलो द फोन्सेकांनी मरियेला साडी नेसविली. मुंबईच्या जे.जे.मधून शांतिनिकेतनात गेलेल्या आणि नंतर पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिलेल्या या चित्रकारानेही त्यासाठी मुख्यतः जलरंगच पसंत केला. याच्या अगदी उलट रविवर्म्याने तेल हाती धरून त्यात लक्ष्मी-सरस्वती रंगविल्या आणि १८९४ साली मुंबईत छापखाना काढून त्या घरोघर पोचविल्या. त्या छापील चित्रांना ओलिओग्राफ म्हणत, नावातच तेल. नर्मदेपलीकडे छोटा उदेपूरच्या बाजूचे राठवा पिठोरा लिहितात, तेव्हा रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवितात. देवाचे चित्र कशात कालवावयाचे, हा सोयीचाच प्रश्न असता तर एवढे भिन्न निर्णय झाले नसते. जो देव घरी राहावयास येतो त्याला दूध आणि मोह. जो देव देह धारण करतो असे मानले त्याला कातडीसारखे दिसणारे तेल. आम्हाला असे वाटते की माध्यमाची निवड ही आशयाची पहिली ओळ असते. हे वाक्य आम्ही वर्गात कवितेच्या छंदाबद्दल अनेकदा बोललो आहोत. चित्राबद्दल ते आम्हाला फार उशिरा सुचले.

राहिला काळा.

अण्णांनी ज्या चित्राची नक्कल केली, ते ‘मॅडोना देल ग्रांदुका’ या नावाने ओळखले जाते. साधारण १५०५ चे, फ्लॉरेन्सच्या पिट्टी प्रासादातले. त्यातील काळ्या पार्श्वभूमीची आम्ही वर्गात नेहमी वाखाणणी करीत असू: पाहा, राफाएलने सारे जग पुसून टाकले, फक्त आई आणि मूल उरले. क्ष-किरणांनी तपासणी केली, तेव्हा त्या काळ्याखाली खोली आणि खिडकी निघाली. तो काळोख राफाएलने आरंभी योजलेला नव्हता. तो नंतर चढविलेला थर आहे. ज्यावर आम्ही इतकी वर्षे बोललो, तो मूळ आशय नव्हताच.

आणि अण्णांनी सर्वांत अधिक कष्ट घेतले ते नेमके या काळ्यावर. ‘चार रात्री’ याचा अर्थ आम्हाला नंतर नातवाकडून कळला. त्याला त्याच्या आजीने सांगितला होता. घरात वीज नव्हती. रॉकेलच्या चिमणीवर पितळी थाळी उपडी धरून अण्णा काजळ धरीत आणि आजी सकाळी पिसाने ते कागदावर झाडून घेत. चार रात्रींचे काजळ तेलात खलून त्यांनी पार्श्वभूमी भरली. आता तज्ज्ञ सांगतात की सर्व रंगांत काजळ हे वाळावयास अत्यंत मंद. ते तेल फार पिते आणि शिशाचे किंवा मँगॅनीजचे रंग जसे वाळण्यास साह्य करतात तसे काजळ करीत नाही. खाली तेलकट साग, वर घाणीचे कच्चे जवस, त्यात काजळ आणि ऐन दमट हवा. वरची कातडी आधी धरली, खालचे ओले राहिले, आणि कातडीला सुरकुत्या पडल्या. तरुणपणी ‘नक्कल’ म्हणताना आम्ही त्या सुरकुत्यांकडे बोट दाखविले होते, हेही आता आठवते.

फेब्रुवारीत आम्ही विसरवाडीस गेलो. जुने घर अर्धे उतरविलेले होते. चित्र शेजारच्या खोलीत गोधडीत गुंडाळून ठेवलेले. खिडकीपाशी नेऊन पाहिले. चेहरे पिवळट, वर काळपट पडदा. जवसाचे तेल म्हातारपणी पिवळे पडते, तो एक भाग. आणि पन्नास वर्षे त्याच भिंतीपलीकडे चूल पेटत होती, तो दुसरा. निळे वस्त्र मात्र एका कोपऱ्यात अजून लख्ख होते. नातवाने विचारले, ‘‘स्पिरिटनं निघेल का भाऊ?’’

पुण्याच्या एका चित्रसंवर्धक स्नेह्यांना आम्ही आधीच छायाचित्रे दाखविली होती. ते म्हणाले होते, स्पिरिट, साबण, बटाटा, कांदा यांपैकी कशालाही हात लावू नका. वरची काजळी काढता येईल. पण जेथे रंग सुरकुतला आहे तेथे खालचे काजळ नीट बांधले गेलेले नसणार. चुलीची काजळी काढताना चित्राची काजळीही निघून येईल. दोन्ही एकाच जातीची.

त्यावर आम्हाला वणीची सप्तशृंगी आठवली. २०२२ साली देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जाड थर काढण्यात आले आणि आतले मूळ स्वरूप दिसू लागले. शेंदूर म्हणजे शिशाचा लाल रंग. तो तेलात कालवून देवाला लावणे हेही एक तैलरंगाचे काम आहे, असे आता आम्हाला वाटते. एकाच पृष्ठावर पिढ्यान्‌पिढ्या चाललेले. तेथे तज्ज्ञांनी काळजीपूर्वक काम केले आणि मूर्तीच्या रक्षणासाठी ते आवश्यकही होते. पण आमच्यापुढच्या चित्रात खाली कोणते मूळ रूप निघणार होते? एक काजळ अण्णांनी त्या घरच्या चिमणीतून धरले, दुसरे त्या घरच्या चुलीने वरून चढविले. पहिले आमच्या वडिलांचे आणि दुसरे घाण, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? जिने पेज घालून त्यांना जगविले, तिच्याच चुलीचा तो धूर होता.

हे सारे आम्ही नातवाला याच शब्दांत सांगितले नाही. चित्र साफ करू नये, एवढे सांगितले आणि का, ते थोडक्यात. तो थोडा निराश झाला. नव्या घरात, नव्या रंगाच्या भिंतीवर ते शोभणार नाही, असे त्याच्या बायकोचे म्हणणे होते आणि ते खोटे नव्हते. ‘‘मग तुम्ही न्या,’’ तो पुन्हा म्हणाला. खरे सांगावयाचे तर आम्ही ते नेण्याच्याच इराद्याने गेलो होतो. गाडीत जुनी सतरंजी टाकून ठेवली होती. अण्णांचे काहीच आमच्यापाशी नाही, ही टोचणी होती, आणि ज्या चित्राला एकदा हिणवले ते घरात लावून तिचे परिमार्जन करावे, असाही एक स्वार्थ त्यात होता.

चित्र उलटे करून पाहिले. मागे सागाच्या फळीवर पेन्सिलीने लिहिलेले होते: बाईंचे संपूर्ण नाव, ‘यांस’, आणि तारीख. चित्रकाराची सही कोठेच नव्हती.

आम्ही मऊ कुंचल्याने धूळ तेवढी झाडली. बाहेरच्या, पावसाचा मारा खाणाऱ्या भिंतीवर टांगू नका, मागे हवा खेळू द्या, ओल्या फडक्याने पुसू नका, एवढ्या सूचना एका कागदावर लिहून दिल्या. नातवाने तो कागद दुमडून आजीच्या बायबलात ठेवला. तेथे ते नाताळचे कार्डही अजून होते. त्यातला काळा मात्र स्वच्छ, सपाट आणि चकचकीत. निघताना त्याची आठ-नऊ वर्षांची मुलगी चित्रासमोर उभी होती. तिने काळ्या भागातल्या सुरकुत्यांवरून बोट फिरविले आणि आम्हाला विचारले, ‘‘आजोबा, हे मागे झाडं आहेत ना?’’

हात लावू नको म्हणावे, असे आमच्या तोंडावर आले होते. आम्ही म्हणालो, ‘‘पाहा बरं, कसली वाटतात?’’ आणि ती सांगू लागली.